आधी केले की आधी सांगितले? ऑनलाइन व्यवसायगुरूंचे दावे तपासण्याची रीत

विवरणपत्रांच्या ऐन गर्दीत, जुलैमधल्या एका रात्री साडेनऊला, कुपवाड एमआयडीसीत नोकरी करणारा माझा भाचा सांगलीतल्या माझ्या कार्यालयात आला, लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "मामा, एवढं बघून सांगा. रात्री बारापर्यंतच मुदत आहे." रविवारी त्याने ९९ रुपये भरून दोन तासांचा वेबिनार पाहिला होता, ५,००० रुपये भरून जागा आरक्षित केली होती आणि उरलेले ४४,९९९ रुपये हप्त्यांवर भरायच्या तयारीत तो होता. शिकवणाऱ्या गृहस्थांचा दावा असा होता की ते ऑनलाइन विक्रीतून महिन्याला ४२ लाख रुपये कमावतात आणि कोणीही सहा महिन्यांत नोकरी सोडू शकतो.

मी करसल्लागार आहे. लोकांच्या तोंडी सांगितलेल्या उत्पन्नात आणि कागदावर उतरणाऱ्या उत्पन्नात किती अंतर असते, हे मी रोज पाहतो. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून जी तपासणी केली, तीच येथे क्रमाने आणि थोडी विस्ताराने मांडतो आहे. तिला कोणतेही खास शिक्षण लागत नाही. एक संध्याकाळ आणि शंभर-दोनशे रुपये पुरतात. हेतू सगळ्यांना लबाड ठरवण्याचा नाही. ऑनलाइन शिकवणारे प्रामाणिक लोक आहेत आणि या तपासणीतून ते सहज पार पडतात. मात्र जो माणूस स्वतःच्या यशाच्या बळावर तुमच्याकडून पैसे घेतो, त्याच्या यशाचा हिशेब मागणे हा तुमचा हक्क आहे, उद्धटपणा नव्हे.

सुरुवात : दावा शब्दशः लिहून काढा

वेबिनार ऐकताना आकडे कानावरून वाहून जातात आणि मागे फक्त एक भारलेपण उरते. म्हणून पहिले काम वही-पेनाचे आहे. नेमके काय म्हटले, ते त्याच शब्दांत लिहा : किती रुपये, किती काळात, कोणत्या कामातून, विक्री की नफा, एकट्याचे की सगळ्या गटाचे. भाच्याने हे लिहायला घेतले तेव्हा दोन तासांच्या कार्यक्रमात "नफा" हा शब्द एकदाही आला नव्हता, हे त्याच्या ध्यानात आले. "केले", "झाले", "जनरेट केले" अशी क्रियापदे होती. ४२ लाखांची विक्री की ४२ लाखांची कमाई, हे कुठेच स्पष्ट केलेले नव्हते. त्याच वेळी त्या पानाचे, किमतीचे आणि पैसे परत मिळण्याच्या आश्वासनाचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा, कारण अशी पाने आठवड्याभरात बदलतात आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा उपयोगी पडतो.

मुख्य प्रश्न : हा पैसा कोणत्या कामातून आला?

माझ्या मते सगळ्या तपासणीचे सार या एका प्रश्नात आहे. समोरच्या माणसाने दाखवलेला पैसा तो जे शिकवतो त्या व्यवसायातून आला, की तो व्यवसाय शिकवण्यातून आला? ही दोन उत्पन्ने पूर्णपणे वेगळी आहेत आणि पहिल्याच्या नावावर दुसरे विकले जाते.

साधा हिशेब मांडून पाहा. ९९ रुपयांच्या वेबिनारला १,२०० लोक आले असे धरा. त्याचे १,१८,८०० रुपये झाले, जे बहुधा जाहिरातीतच खर्च होतात. त्यांपैकी तीन टक्के, म्हणजे ३६ जणांनी ४९,९९९ रुपयांचा अभ्यासक्रम घेतला, तर एका रविवारचे जवळजवळ १८ लाख रुपये जमतात. महिन्यात असे दोन-तीन रविवार झाले की बँकेतला आकडा खराच मोठा दिसतो. म्हणजे गुरूची कमाई खोटी असेलच असे नाही. ती खरी असू शकते, पण तिचा उगम तुमच्यासारख्यांच्या शुल्कात असतो. अशा वेळी त्याने शिकवलेला व्यवसाय करून तुम्हाला तसे उत्पन्न मिळेल, या अनुमानाला काहीच आधार उरत नाही.

हे अंतर किती टोकाला जाऊ शकते, याचे नोंदलेले उदाहरण शेअर बाजारात आहे. 'बाप ऑफ चार्ट' या नावाने शेअर बाजाराचे अभ्यासक्रम विकणाऱ्या मोहम्मद नसिरुद्दीन अन्सारी यांच्याविरुद्ध सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेने) ऑक्टोबर २०२३ मध्ये हंगामी आदेश काढला. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीविना गुंतवणूक सल्ला दिल्याचे कारण देऊन, त्यापोटी गोळा केलेले सुमारे १७.२ कोटी रुपये स्वतंत्र खात्यात जमा करण्यास त्यात सांगितले होते. त्याच आदेशात असेही नमूद होते, की जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात अन्सारी यांना स्वतःच्या बाजारातील व्यवहारांत सुमारे २.८९ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा झाला होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. विद्यार्थ्यांना ज्या कामातून नफ्याची आशा दाखवली जात होती, त्याच कामात शिकवणाऱ्याचा तोटा होत होता आणि जमा होणारा पैसा विद्यार्थ्यांकडून येत होता.

शेअर बाजारापुरते आणखी एक सांगतो, कारण मराठी तरुणांचा मोठा ओढा फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या (शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरील करारांच्या) वर्गांकडे आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या विभागात व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तो सरासरी दोन लाख रुपयांच्या आसपास होता आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटींहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळवणारे फक्त एक टक्का होते. "माझी पद्धत वापरली की दरमहा ठरलेले उत्पन्न" असे जो म्हणतो, त्याला या आकड्यांसमोर स्वतःचे सलग तीन वर्षांचे, ब्रोकरकडून प्रमाणित झालेले नफा-तोट्याचे विवरण दाखवता आले पाहिजे. एका चांगल्या दिवसाचे चित्र त्यासाठी पुरत नाही.

पडद्यावरचा आकडा हा पुरावा नाही

भाच्याचा सर्वाधिक विश्वास स्क्रीनशॉटवर आणि चालू पडद्याच्या व्हिडिओवर होता. "मामा, त्यांनी लाइव्ह उघडून दाखवलं," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. म्हणून मी त्याला त्याच्याच बँकेचे खाते ब्राउझरमध्ये उघडायला सांगितले. शिल्लक १८,३४० रुपये होती. त्या आकड्यावर उजवे बटण दाबून 'इन्स्पेक्ट' निवडले, बाजूला उघडलेल्या चौकटीत तो आकडा दोनदा क्लिक करून खोडला, तिथे ८१,८३,४०० लिहिले आणि चौकट बंद केली. बँकेच्या त्याच पानावर, त्याच अक्षरांत, त्याच्या नावाखाली एक्क्याऐंशी लाखांची शिल्लक दिसू लागली. बँकेतल्या रकमेला अर्थातच धक्का लागलेला नव्हता. पान पुन्हा लोड करताच खरा आकडा परत आला. एवढ्या कामाला अर्धा मिनिटही लागले नाही. हा प्रयोग घरी स्वतः करून पाहावा, असे मी प्रत्येकाला सुचवतो, कारण वाचून जे पटत नाही ते हाताने केल्यावर कायमचे पटते. याशिवाय खोट्या पैशांवर चालणारी सरावाची ट्रेडिंग खाती असतात, आणि हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी नकली अॅपही असतात.

आकडा खरा असला तरी काम संपत नाही, कारण विक्री आणि नफा यांत मोठी दरी असते. घरपोच पैसे घेऊन माल देणाऱ्या एका छोट्या ऑनलाइन दुकानाचा हिशेब पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण खर्चाची नावे खरी आहेत. महिन्याला ७९९ रुपयांच्या १,००० ऑर्डरी आल्या, की दुकानाच्या पडद्यावर ७,९९,००० रुपये दिसतात. त्यांपैकी ३०० पार्सले ग्राहकाने न स्वीकारल्यामुळे परत आली, ज्याला विक्रेते आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. हाती आले ५,५९,३०० रुपये. विकल्या गेलेल्या ७०० नगांच्या मालाचे प्रत्येकी २५० प्रमाणे १,७५,००० गेले. जाहिरातीला दर ऑर्डरमागे २२० प्रमाणे २,२०,००० लागले, आणि हा खर्च परत आलेल्या ऑर्डरींवरही झालेला असतो. कुरियरचे जातानाचे ७५,०००, परतीचे १८,०००, पॅकिंगचे १५,००० आणि वेबसाइट, अॅप व मदतनीस यांचे २५,००० धरा. उरले ३१,३०० रुपये, आणि जीएसटीचा फरक व खराब झालेला माल अजून वजा व्हायचाच आहे. आठ लाखांचे चित्र दाखवणारा माणूस खोटे बोलत नसेलही. त्याने खर्चाची बाजू फक्त दाखवली नाही. म्हणून विक्रीचा आकडा दाखवला की त्याच महिन्याचा परत आलेल्या पार्सलांचा, जाहिरातखर्चाचा आणि मालाच्या खरेदीचा आकडा मागा.

कागद काय सांगतात

आता सार्वजनिक नोंदी पाहायच्या. बहुतेक लोक हे करत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निर्णायक माहिती इथेच मिळते.

अभ्यासक्रमाच्या पावतीवर किंवा वेबसाइटच्या तळाशी जीएसटी क्रमांक शोधा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. जीएसटी पोर्टलवर करदाता शोधण्याच्या सुविधेत हा क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि विवरणपत्रे भरली जात आहेत का, हे विनाशुल्क दिसते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची असते. महिन्याला ४२ लाखांची बात करणाऱ्याची नोंदणीच नसेल, किंवा "दहा वर्षांचा अनुभव" सांगणाऱ्याची नोंदणी सात महिन्यांपूर्वीची असेल, तर त्याचे स्पष्टीकरण मागायलाच हवे. आमच्या बाबतीत पावतीवर क्रमांकच नव्हता. पैसे एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यात गेले होते.

संस्था प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिची स्थापना केव्हा झाली आणि संचालक कोण, ही माहिती मिळते, आणि १०० रुपये भरून तिने दाखल केलेली कागदपत्रे पाहता येतात. त्यांत 'एओसी-४' या नावाने दाखल झालेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक उघडा. व्हिडिओत "शंभर कोटींची कंपनी" म्हणून सांगितलेल्या संस्थेचे वर्षाचे उत्पन्न तिथे काही लाखांत दिसू शकते, आणि ते कशापासून मिळाले याचाही अंदाज येतो. संस्था एकल मालकीची असेल तर असे पत्रक सार्वजनिक नसते. तसे असणे गैर नाही, पण मग यशाचा पुरावा देण्याची जबाबदारी पूर्णपणे त्या व्यक्तीवर येते.

शेअर बाजाराचा सल्ला मिळत असेल तर सेबीची नोंदणी पाहा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'ने आणि संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच'ने सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत जुळवून पाहावा, कारण दुसऱ्याचा क्रमांक स्वतःच्या नावाखाली छापण्याचे प्रकारही होतात. नुसते शिकवायला नोंदणी लागत नाही, आणि नेमकी हीच पळवाट वापरून चालू भावांवर "शिकवण्या"च्या नावाखाली खरेदी-विक्रीच्या सूचना दिल्या जात होत्या. म्हणूनच सेबीने जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढून, केवळ शिक्षण देणाऱ्यांनी मागील तीन महिन्यांतील भाव वापरू नयेत असे स्पष्ट केले. खात्रीशीर परताव्याचे आश्वासन तर नोंदणी असलेल्यालाही देता येत नाही.

शेवटी वेबसाइटचे वय पाहा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कधी घेतले हे 'हूइज' शोधात कळते, आणि वेबॅक मशीनवर त्या पानाची जुनी रूपे पाहायला मिळतात. आज ऑनलाइन विक्री शिकवणारा माणूस दोन वर्षांपूर्वी क्रिप्टो आणि त्याआधी मोटिव्हेशनल कार्यशाळा विकत होता, असे दिसले तर दर वेळी "मी यातच यशस्वी झालो" हे त्याने कसे म्हटले, याचा विचार करावा.

यशस्वी विद्यार्थी किती, आणि एकूण किती?

यशोगाथांचे व्हिडिओ पाहताना नेहमी छेद, म्हणजे एकूण विद्यार्थ्यांची संख्या, विचारा. एक हजार जणांनी दहा-दहा वेळा नाणे उडवले, तर त्यांतल्या एखाद्याचा सलग दहा वेळा छापा पडणे अगदी अपेक्षित आहे, आणि तो मनापासून सांगेल की त्याची पद्धत उपयोगी पडली. पाच हजार विद्यार्थ्यांतून चाळीस आनंदी चेहरे मिळवणे अवघड नसते. उरलेल्या ४,९६० जणांचे काय झाले, हा आपला प्रश्न आहे. म्हणून विचारा : मागच्या वर्षी किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि शुल्क वसूल होईल एवढा नफा किती जणांना झाला?

व्हिडिओतील विद्यार्थ्यांना समाजमाध्यमांवर स्वतः शोधा आणि एक-दोघांशी बोला. तो विद्यार्थी आता तोच अभ्यासक्रम कमिशनवर विकत असेल, तर त्याची साक्ष बाजूला ठेवा. अलीकडे तर असे पॅकेज निघाले आहेत, ज्यांत विकत घेतलेला अभ्यासक्रम पुढच्या माणसाला विकणे हाच मुख्य "व्यवसाय" असतो. गावातली, कॉलेजातली मुले आपल्याच मित्रांना आणि चुलतभावंडांना त्यात ओढतात आणि पैशांबरोबर नातीही तुटतात. मला या प्रकाराचे सर्वाधिक वाईट वाटते. नवीन माणसे आणण्यावरच उत्पन्न अवलंबून असणाऱ्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार विक्रेत्याकडून प्रवेशशुल्क घेता येत नाही.

प्रसिद्धीवर फार वेळ घालवू नये. पुरस्कार, मासिकाचे मुखपृष्ठ, पॉडकास्टमधील मुलाखत, नामवंतांसोबतचे छायाचित्र आणि भाड्याची मोटार या सगळ्या गोष्टी पैसे मोजून मिळतात. बातमीच्या वर किंवा खाली बारीक अक्षरांत "प्रायोजित" लिहिलेले आहे का, तेवढे पाहावे.

घाई कोणाला आहे?

भाच्याच्या पडद्यावर लाल आकड्यांत उलटी वेळ चालू होती : दोन तास अकरा मिनिटे. आम्ही तेच पान खासगी विंडोमध्ये उघडले, तेव्हा तिथे वेळ नव्याने सुरू झाली होती आणि पूर्ण चोवीस तास शिल्लक होते. म्हणजे ती मुदत कोणत्याही प्रवेशसंख्येशी बांधलेली नव्हती. पान उघडणाऱ्या प्रत्येकासाठी ती वेगळी मोजली जात होती. त्यानंतर फेसबुक-इन्स्टाग्रामवरील जाहिराती दाखवणाऱ्या मेटाच्या जाहिरात संग्रहात त्या पानाचे नाव टाकले, तर "शेवटची संधी" म्हणणारी तीच जाहिरात चार महिन्यांपासून चालू होती.

घाईसोबत एक वाक्य हमखास येते : "विचार करत बसणे ही गरिबीची मानसिकता आहे." हे वाक्य ऐकले की थांबा. प्रश्न विचारणाऱ्याला दोषी ठरवणारी शिकवण पुढे अपयशाचे खापरही विद्यार्थ्याच्या "माइंडसेट"वर फोडते, आणि पद्धत चुकली असेल ही शक्यता कोणी बोलूनच दाखवत नाही.

हप्त्यांबद्दल विशेष सावध राहा. "विनाव्याज हप्ते" म्हणजे पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेने तुमच्या नावावर दिलेले कर्ज असते. ते पैसे अभ्यासक्रमवाल्याला लगेच मिळतात आणि परतफेड तुमच्याकडे राहते, मग वर्ग बंद पडला तरी. ओटीपी देण्याआधी कर्जाचे मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट स्टेटमेंट) मागून घ्या, त्यात कर्ज देणारी संस्था कोण, वार्षिक दर किती आणि दंडाशिवाय कर्ज रद्द करण्याची मुदत किती, ते वाचा.

लेखी विचारायचे प्रश्न

फोनवर बोलणारा "काउन्सेलर" हा विक्रेता असतो, त्यामुळे त्याची तोंडी उत्तरे धरू नका. ईमेलने विचारा : मागील दोन वर्षांत शिकवण्याव्यतिरिक्त या व्यवसायातून तुमचा निव्वळ नफा किती? तुमच्या दुकानाचे किंवा ब्रँडचे नाव काय? पूर्ण अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका मिळेल का? पैसे परत करण्याच्या सर्व अटी कोणत्या? "शंभर टक्के परतावा" म्हणताना पुष्कळदा सगळे गृहपाठ, सगळी हजेरी आणि नव्वद दिवस रोज केलेल्या कामाचे पुरावे अशा अटी असतात, ज्या पूर्ण करणे जवळजवळ अशक्य होते.

प्रामाणिक शिक्षक या प्रश्नांनी दुखावत नाही. तो आपल्या तोट्याची वर्षेही सांगतो, कोणी हा मार्ग घेऊ नये हेही सांगतो आणि उत्तराला दोन दिवस घेतो. भाच्याने हेच चार प्रश्न त्या वेबिनारवाल्या गृहस्थांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले. सात मिनिटांत त्याचा संदेश काढून टाकला गेला, आणि त्यानंतर तोही गटात राहिला नाही.

पैसे देण्याआधी विनामूल्य किंवा स्वस्त पर्यायही पाहावेत. लघुउद्योगासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रम आणि ग्रामीण तरुणांसाठी बँकांच्या आरसेटी (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण) संस्थांचे विनाशुल्क प्रशिक्षण आहे. बाजाराचे शिक्षण हवे असेल तर सेबीने स्थापन केलेल्या, रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे परिसर असलेल्या एनआयएसएम (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स) या संस्थेचे अभ्यासक्रम आहेत.

पैसे भरून झाले असतील तर

लाज वाटून गप्प बसू नका. उशीर झाला की पुरावे विरतात. पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वेबिनारची नोंद आणि आश्वासनाचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रथम ईमेलने ठरावीक मुदत देऊन पैसे मागा. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहाराबद्दल लेखी हरकत नोंदवा. पैसे घेऊन समोरचा गायब झाला असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. माणूस समोर आहे पण शब्द पाळत नाही, अशा वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. भाच्याचे आरक्षणाचे ५,००० रुपये याच मार्गाने, तक्रारीनंतर एकोणिसाव्या दिवशी परत आले. "आरक्षण रक्कम विनाअट परत" असे लिहिलेल्या पानाचा त्या रात्री काढलेला स्क्रीनशॉट त्याने जोडला होता.

तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारशुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दरम्यान कर्जाचे हप्ते रागाच्या भरात बंद करू नका, कारण त्याची नोंद तुमच्या पतइतिहासावर होते. त्याऐवजी आयोगाकडील तक्रारीत वित्तसंस्थेलाही पक्षकार करा आणि तिला त्याची प्रत ईमेलने पाठवा.